उंदराने बॅटरीची डेटा केबल कुरतडली, आता काय? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (कर्वेनगर, पुणे) : ताई नमस्कार. आमची फोर्स ट्रॅव्हलर आहे, कॅम्पर करून घेतलेली, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय. मागच्या बाकाखाली १२.८ व्होल्टच्या २०० अँपिअर-अवरच्या दोन लिथियम बॅटऱ्या पॅरललमध्ये, पुढे ड्रायव्हरच्या मागच्या कपाटात इन्व्हर्टर-चार्जर, टपावर सोलर. पावसाळ्यात गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोनेक महिने हललीच नाही. मग पवनेला निघालो तर कामशेतच्या पुढे डिस्प्लेवर बीएमएसशी (बॅटरीवर देखरेख ठेवणाऱ्या सर्किटशी) संपर्क तुटला असा अलार्म आला आणि इन्व्हर्टरने सप्लायच बंद केला, फ्रिज बंद, पंखे बंद, आईला गरम होतंय, मुलं वैतागलेली. बाक उचलून बघितलं तर बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत जाणारी लॅनसारखी केबल उंदराने कुरतडलेली. तिथल्या एकाने तारा पिळून टेप मारून दिली, चालू झालं, पण खड्डा आला की परत अलार्म. पुण्यात आल्यावर तपकीर गल्लीतून तेवढ्याच लांबीची नवीन लॅन केबल आणली, प्लग दोन्हीकडे बसतो पण काहीच होत नाही. आता ओळखीतले एक जण म्हणतात की इन्व्हर्टरमध्ये बॅटरी टाइप लेड अॅसिड करा, मग त्या केबलची गरजच नाही, तसं करून सध्या चालवतोय. हे बरोबर आहे का? आणि केबल जोडावी की नवीनच घ्यावी?

उत्तर : आधी ते लेड अॅसिडचं सेटिंग काढा. हा अंक हातात असेल आणि गाडी खाली पार्किंगला असेल तर आत्ता जाऊन काढा, बाकीचं नंतर वाचा. केबल दुरुस्त होईपर्यंत इन्व्हर्टर बंद राहिला तरी चालेल, फ्रिजमधलं सामान घरात आणा, पण या सेटिंगवर चार्जिंग नको.

का ते सांगते, कारण हा सल्ला देणारे खूप आहेत आणि त्यांचा हेतू वाईट नसतो, गाडी चालू झाली म्हणजे काम झालं असं त्यांना मनापासून वाटतं. तुमच्या बॅटरीत लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल सिरीजमध्ये आहेत. एका सेलची वरची मर्यादा ३.६५ व्होल्ट, म्हणजे चार मिळून १४.६. लेड अॅसिडच्या सेटिंगमध्ये चार्जर बॅटरीला लेड अॅसिड समजूनच वागवणार. त्यात इक्वलायझेशन नावाचा प्रकार असतो, त्यात व्होल्टेज १५ च्या वर जातं. आणि तापमानाप्रमाणे व्होल्टेज वाढवण्याची सोय असते, पुष्कळ चार्जर २५ डिग्रीच्या खाली दर डिग्रीला २४ मिलीव्होल्टच्या आसपास वाढवतात. तुम्ही डिसेंबरात थंड ठिकाणी गेलात, पहाटे ५ डिग्री आहे, तर २० डिग्रीचे झाले ०.४८ व्होल्ट, १४.४ चं सेटिंग जाऊन पोचलं १४.८८ वर. लेड अॅसिडला थंडीत ते हवं असतं, तुमच्या बॅटरीला ते जास्त होतं.

मग तुम्ही म्हणाल बॅटरीच्या आत बीएमएस आहे ना, तो तोडेल. हो तोडेल, पण तो शेवटचा उपाय आहे. केबल चालू असते तेव्हा बॅटरी दर सेकंदाच्या आसपास चार्जरला सांगत असते की मला इतक्या व्होल्टपर्यंतच चार्ज कर, आता इतकेच अँपिअर दे, मी गरम झालेय, हळू घे. चार्जर ऐकतो आणि प्रकरण तोडण्यापर्यंत जातच नाही. केबल नसली की बोलणं बंद, मग बीएमएस कसलीही सूचना न देता एकदम सर्किट उघडतो. गाडी चालू असताना ऑल्टरनेटरवरून थेट चार्जिंग होत असेल आणि अशा वेळी बॅटरी अचानक सुटली तर ऑल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणात उसळतं आणि त्याचे डायोड जाऊ शकतात. मधे डीसी-डीसी चार्जर असेल तर हा धोका बराच कमी, तो आहे का ते बघून ठेवा.

अजून एक. फॉस्फेट बॅटरीचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, १३.२-१३.३ च्या आसपास बसून राहतं, बॅटरी निम्मी आहे की पाऊण हे त्यावरून कळत नाही. किती करंट आत गेला किती बाहेर आला याचा हिशोब बीएमएस ठेवतो आणि तो आकडा याच केबलवरून डिस्प्लेवर येतो. तुम्हाला सध्या दिसणारी टक्केवारी ही इन्व्हर्टरने व्होल्टेजवरून केलेली अटकळ आहे, तिच्या भरवशावर आईंना घेऊन लांब जाऊ नका. आणि पुढेमागे स्पितीकडे वगैरे जायचा विचार असेल तर शून्य डिग्रीखाली लिथियम बॅटरी चार्ज केली की आत धातूरूप लिथियमचा थर बसतो, तो नुकसान कायमचं करतो. ते थांबवणारा कटऑफ प्रत्येक बॅटरीच्या आत असतोच असं नाही, काही ठिकाणी तापमानाची बातमी केबलवरून जाते म्हणूनच चार्जर थांबतो.

आता केबलकडे येऊ. तुमच्या वर्णनावरून ही कॅन बसची केबल दिसतेय (बस म्हणजे निरोप वाहणाऱ्या सामायिक तारा), तरी मॅन्युअलमध्ये एकदा बघून घ्या, कारण काही बॅटऱ्या आरएस४८५ या दुसऱ्या पद्धतीने बोलतात आणि प्लग दोन्हीला तोच असतो. कॅन ही उपकरणांनी एकमेकांशी बोलायची, बॉश कंपनीने १९८६ साली मांडलेली पद्धत, गाड्यांमधल्या तारांचं जंजाळ कमी करायला. दोन तारा, एक हाय आणि एक लो, गप्प असताना दोन्ही अडीच व्होल्टच्या आसपास, बोलताना हाय साडेतीनकडे जाते आणि लो दीडकडे. ऐकणारा दोघींमधला फरक तेवढा बघतो. त्यामुळे बाहेरून इन्व्हर्टरचा किंवा डिझेल इंजिनचा विद्युत गोंधळ आला तरी तो दोन्ही तारांवर सारखाच चढतो आणि फरकात उरत नाही. पण त्यासाठी दोन्ही तारा एकमेकींना पिळ घालून गेल्या पाहिजेत. रस्त्यात ज्याने जोडून दिली त्याने नक्की काय केलं असेल मला दिसतंय, चार-सहा इंच पीळ उलगडून, तारा बोटांनी वळवून, वर काळी टेप. अडचणीत मदत केली हे खरंच चांगलं केलं त्याने. पण खड्ड्यात ती तार हलते, क्षणभर सुटते, निरोप अर्धा राहतो, असे बरेच निरोप चुकले की इन्व्हर्टर अलार्म देतो.

तपकीर गल्लीतली केबल का चालली नाही हा तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, कारण यात बरेच जण फसतात आणि मग बॅटरी खराब झाली, इन्व्हर्टरचं कार्ड गेलं असं समजून भलताच खर्च करतात, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. प्लग लॅनचा असला म्हणून आतली जोडणी लॅनची नसते. आठ पिनांपैकी कुठल्या पिनवर हाय आणि कुठल्यावर लो हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. उदाहरण द्यायचं तर व्हिक्ट्रॉन कंपनीच्या व्हीई.कॅन नावाच्या सॉकेटमध्ये ७ नंबरला हाय आणि ८ ला लो असते, समोरच्या बॅटरीत ते दुसऱ्याच पिनांवर असू शकतं. कंपनीने दिलेल्या केबलमध्ये एका टोकाच्या पिना दुसऱ्या टोकाच्या वेगळ्या पिनांना जोडलेल्या असतात. तुमची नवीन केबल सरळ एकला एक आहे, त्यामुळे बॅटरी बोलतेय एका पिनवर आणि इन्व्हर्टर कान लावून बसलाय दुसऱ्या. ती केबल परत लावून बघू नका, काही सॉकेटमध्ये बाकीच्या पिनांवर सप्लाय पण असतो.

म्हणून जुनी केबल टाकून देऊ नका! ती कितीही कुरतडलेली असू दे, तिच्या दोन प्लगमधला नकाशा हाच तुमचा आधार आहे. केबल दोन्हीकडून काढा, प्लगची क्लिप खाली आणि सोनेरी पट्ट्या आपल्याकडे धरून डावीकडून १ ते ८ मोजा आणि कुठल्या पिनला कुठल्या रंगाची तार आहे ते दोन्ही टोकांचं कागदावर लिहून काढा, फोटो काढा. मग बॅटरीच्या आणि इन्व्हर्टरच्या मॅन्युअलशी ताडून बघा. हाय, लो आणि ग्राउंड या तीनच तारा बहुतेक लागतात.

काढण्याआधीचं सांगायचं राहिलं. इन्व्हर्टर बंद, बाहेरच्या सप्लायची वायर काढलेली, सोलरचा स्विच आधी बंद आणि मग बॅटरीचा मेन आयसोलेटर, म्हणजे बॅटरी तोडायचा मुख्य स्विच, बंद, बीएमएसला बटण असेल तर तोही बंद. सोलर आधी कारण बॅटरी काढून पॅनल चालू ठेवलं तर सोलरच्या कंट्रोलरला ते सोसत नाही. डेटाच्या तारांवर जेमतेम पाच व्होल्ट असतात पण तुमचा हात ज्या जागेत जाणार तिथे दोन बॅटऱ्यांच्या बसबार (जाड धातूच्या जोडपट्ट्या) उघड्या असतील, त्यांच्यावर पाना पडला तर हजार अँपिअरच्या वर करंट क्षणात वाहू शकतो, लाल होतो पाना. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, टर्मिनलवर रबरी चटई किंवा जाड पुठ्ठा टाका. आणि उंदराचा वावर झालेली जागा आहे, पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, तेव्हा हातमोजे घाला, लेंड्या कोरड्या झाडू नका, जंतुनाशक मारून ओल्या फडक्याने पुसा. हे मी मुद्दाम लिहितेय कारण गाडीचं काम करताना आपण हे विसरतो.

आता जोडायची की नवीन? कंपनीची तीच केबल मिळत असेल तर नवीनच घ्या, विषय संपला. मिळत नसेल, किंवा यायला महिना लागणार असेल, तर माझी पसंती अशी. कुरतडलेला भाग एका टोकाजवळ असेल आणि केबलला थोडी ढील असेल तर तेवढं टोक कापून नवीन प्लग क्रिंप करा, म्हणजे त्याच्या पक्कडीने दाबून बसवा, मधे जॉइंटच नको. भाग मधोमध असेल तर अख्खी केबल नव्याने करा, नकाशा तुमच्याकडे आहेच. तपकीर गल्लीत केबल मिळेल पण मागताना दोन गोष्टी विचारून घ्या, पूर्ण तांब्याची आणि स्ट्रँडेड. स्वस्त केबल सीसीए असते, आत अॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा, ती वाकवली की तुटते. आणि घराच्या भिंतीत घालतात ती एक-तारी सॉलिड केबल गाडीच्या हादऱ्याला टिकत नाही, बारीक अनेक तारांची स्ट्रँडेडच हवी. प्लगसुद्धा स्ट्रँडेडसाठीचा मागा, त्यातल्या पात्यांची रचना वेगळी असते. हाय आणि लो एकाच पिळातल्या दोन तारांवर घ्या, म्हणजे निळी आणि पांढरी-निळी, किंवा तपकिरी आणि पांढरी-तपकिरी. हाय एका जोडीतली आणि लो दुसऱ्या जोडीतली घेतली तर मल्टिमीटरवर सगळं बरोबर दिसेल आणि इंजिन चालू झालं की परत रडेल.

जॉइंटच मारायचा असेल, समजा तुम्ही प्रवासात आहात, तर असा मारा. उंदराचे दात लागलेला भाग दोन्ही बाजूंनी बोटभर जास्त धरून कापून टाका, वरून बरी दिसणारी तार आत काळी-हिरवी पडलेली असते आणि त्यावर सोल्डर धरत नाही. तारा एकाच जागी कापू नका, एक तार दुसरीपेक्षा अर्धा-पाऊण इंच पुढे, म्हणजे जॉइंट शेजारी शेजारी येणार नाहीत आणि एकमेकांना लागणार नाहीत. हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आकसणारी नळी) आधी तारेत ओवा, हे अनुभवी माणूससुद्धा विसरतो आणि मग सगळं सोडवायला लागतं. दुकानात मिळणारे लाल बट कनेक्टर इथे वापरू नका, ते अर्धा चौरस मिलिमीटर आणि वरच्या तारांसाठी आहेत, या केबलमधली तार त्याच्या निम्म्याहून बारीक, दाबल्यासारखी वाटते आणि ओढली की निसटते. इथे सोल्डरच बरा. दोन तारा एकमेकींभोवती घट्ट गुंडाळा, सोल्डरिंग आयर्न जॉइंटला टेकवून तार तापवा आणि सोल्डर तारेला लावा, वितळून आत गेला पाहिजे, वर गोळा बसला तर तो कच्चा डाग. पाइप जोडायची आम्लाची पेस्ट अजिबात नको, ती महिन्याभरात तार खाते, रेझिनवालाच सोल्डर घ्या. हे सगळं केबल दोन्हीकडून काढलेली असतानाच.

गाडीत सोल्डर तुटतो असं म्हणतात ते अर्धं खरं आहे. सोल्डर तारेत जिथपर्यंत झिरपतो तिथपर्यंत तार कडक होते आणि कडक भाग संपून मऊ भाग सुरू होतो नेमक्या त्या जागी हादऱ्याने तुटते. म्हणून तो भाग हलताच कामा नये. प्रत्येक तारेवर छोटी स्लीव्ह, मग तारांना परत पीळ द्या, उघडा सरळ भाग इंचभराच्या वर राहू देऊ नका, केबलला जाळी असेल तर तीही जोडून पुढे न्या पण दोन्ही टोकांना बॉडीला अर्थ करू नका, आणि सगळ्यावरून आतून गोंद असलेली जाड स्लीव्ह, दोन्ही बाजूंना दोन दोन इंच मूळ केबलवर चढेल अशी. मग जॉइंटच्या दोन्ही बाजूंना केबल टाय मारून तो पक्क्या पट्टीला बांधा. जॉइंट अधांतरी लोंबकळत ठेवलात तर मी लिहिलेलं सगळं वाया. दोन प्लग जोडणारा तो छोटा कपलर मिळतो तो पण गाडीत कायमचा ठेवू नका, पिना खड्ड्यांनी सैल होतात.

स्लीव्ह आकसवायच्या आधी मोजमाप. आधी नुसती केबल, मीटर बझरवर, एका टोकाची प्रत्येक पिन दुसऱ्या टोकाच्या पिनशी, नकाशाप्रमाणे जिथे वाजायला हवं तिथे वाजलं पाहिजे आणि इतर कुठेही वाजता कामा नये. मग केबल दोन्हीकडे लावा, सगळं अजून बंदच, मीटर ओहमवर, जॉइंटपाशी हाय आणि लो यांच्यामध्ये मोजा. ६० च्या आसपास आलं पाहिजे. का ६०? कॅन बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एक एक टर्मिनेटर, म्हणजे रेझिस्टर, असतो, दोन पॅरलल झाले की ६०. १२० आलं तर एकच टर्मिनेटर दिसतोय, म्हणजे दुसरा बसवलेला नाही किंवा त्या बाजूची तार अजून तुटलेली आहे. ४० आलं तर कुणीतरी तिसरा लावून ठेवलाय. शून्याजवळ आलं तर हाय-लो चिकटल्यात. तुमच्याकडे दोन बॅटऱ्या आहेत, तेव्हा टर्मिनेटर इन्व्हर्टरकडे एक आणि साखळीतल्या शेवटच्या बॅटरीत एक, मधल्या बॅटरीत नाही. काही बॅटऱ्यांत तो प्लगच्या रूपात रिकाम्या सॉकेटमध्ये खोचलेला असतो, काहींत छोटा स्विच असतो. बाक उचलताना तो प्लग निघून कुठे पडला नाही ना हे पण बघा, असं झालेलं मी बघितलंय.

६० आलं की मीटर लावूनच ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी केबल पूर्ण लांबीभर हलवायला सांगा, वाकवा, ओढा, प्लग हलवा. आकडा जागचा हलला नाही तरच स्लीव्ह आकसवा. मग चालू करा, आधी बॅटरी, मग इन्व्हर्टर, शेवटी सोलर. इन्व्हर्टरमध्ये बॅटरी टाइप परत तुमच्या बॅटरीच्या प्रोटोकॉलवर करा, हे विसरलं तर केबल उत्तम असून पण बोलणं सुरू होणार नाही. डिस्प्लेवर टक्केवारी, तापमान, चार्जची मर्यादा दिसली पाहिजे आणि बॅटऱ्या दोन दिसल्या पाहिजेत, एकच दिसली तर दोन बॅटऱ्यांमधली आखूड केबल पण तपासा, उंदीर एकच तार खाऊन जात नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून ग्राउंडपासून बघितलंत तर हाय अडीचच्या किंचित वर आणि लो किंचित खाली दिसेल. उलटं दिसलं तर तारा उलट्या जोडल्यात, त्याने काही जळत नाही, बदला.

मग लगेच लांब जाऊ नका. सिंहगड पायथ्यापर्यंत वगैरे एक फेरी मारा, फ्रिज चालू ठेवून, खड्डे चुकवू नका, आणि शेजारी बसलेल्याला डिस्प्लेवर लक्ष ठेवायला सांगा.

प्रश्न (सिंहगड रोड) : आमच्याही गाडीत उंदीर शिरतात. डांबरगोळ्या, कापूर, पुदिन्याचं तेल सगळं करून झालं. वायरी वाचवायला खात्रीचा उपाय काय?

उत्तर : वासाच्या उपायांनी उंदीर कायमचा थांबलेला मला कधी दिसला नाही, चार दिवस टळतो मग सवय होते. आणि बंद गाडीत डांबरगोळ्यांचा वास मुलांना चांगला पण नाही. बोटाएवढं भोक उंदराला आत यायला पुरतं, म्हणून आधी भोकं शोधा. दिवसा गाडीत अंधार करून बसा आणि खालून कुणाला तरी टॉर्च फिरवायला सांगा, जिथे उजेड दिसेल तिथून तो येतो. बहुतेक वेळा पाण्याच्या पाइपची, गॅसच्या व्हेंटची किंवा वायर खाली नेलेली भोकं असतात, कॅम्पर करताना पाडलेली आणि बुजवायची राहिलेली. बारीक छिद्राची स्टीलची जाळी रिव्हेटने मारा, नुसता फोम भरू नका, फोम तो कुरतडतो. फक्त गॅसच्या व्हेंटला जाळी लावा, बुजवू नका, गॅस गळला तर तो खाली बसतो आणि त्याच वाटेने बाहेर जातो. त्यानंतर डेटा केबल आणि बारीक वायरी स्टीलच्या लवचिक पाइपमध्ये घाला. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) हवाच, नाहीतर उंदीर नाही तर पत्र्याची धार खाईल. आणि गाडी उभी करताना आत बिस्किटाचा चुरा, कुत्र्याचं खाणं, तांदूळ काही ठेवू नका. आठवड्यातून एकदा बाक उचलून बघणं, दहा मिनिटं लागतात, पावसाळ्यात हे चुकवू नका.

प्रश्न (हडपसर) : आमच्या बॅटरीची केबल लॅनसारखी नाही, गोल छोटी तीन पिनांची आहे, फिरवून बसवायची रिंग असते तशी. एक पिन वाकून तुटली. बॅटरीवाले म्हणतात पूर्ण बॅटरी पाठवा. काही करता येईल का?

उत्तर : तुटलेली पिन बॅटरीकडच्या केबलच्या टोकाला आहे की मधल्या जोडकेबलच्या, यावर सगळं आहे. जोडकेबलची असेल तर सोपं आहे, हा एम८ नावाचा कनेक्टर आहे आणि कारखान्यांत सेन्सरला हाच लावतात, त्यामुळे भोसरी-चिंचवडकडे ऑटोमेशनचं सामान विकणाऱ्यांकडे एम८ तीन पिन, मेल-फिमेल, साचातली तयार एक्स्टेन्शन केबल मिळते. आधी जुनी केबल बझरवर तपासा, पिन १ ला १, ३ ला ३, ४ ला ४ अशी सरळ आहे का, नंबर असेच असतात, मधला २ नसतो. नेहमीचे रंग तपकिरी, निळा, काळा, पण रंगावर जाऊ नका, मोजून बघा.

बॅटरीतून बाहेर येणाऱ्या टोकाचीच पिन तुटली असेल तर ते टोक कापून एम८ चं तयार टोक असलेली केबल जोडता येते, वर कर्वेनगरच्या दादांना सांगितलं तशीच, पण वॉरंटी चालू असेल तर कापायच्या आधी फोटो पाठवून कंपनीकडून लेखी होकार घ्या. फोनवर हो म्हणाले हे पुरत नाही.

आणि एक नक्की करू नका. या प्रकारात बऱ्याचदा सगळ्या बॅटऱ्यांच्या केबल एकात एक गुंफून शेवटची दोन टोकं बॅटरीबाहेर बसवलेल्या बीएमएसला जातात, कुठेही तुटलं की बीएमएस लोड आणि चार्जिंग दोन्ही थांबवतो. तिथे दोन तारा शॉर्ट करून बीएमएसला फसवण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला गाडीला हात लावू देऊ नका. त्या फसवलेल्या बीएमएसला एखादा सेल भरून वाहतोय हे कळणारच नाही, आणि त्या बॅटरीवरच्या बाकावर तुम्ही झोपणार आहात.

प्रश्न (पिंपरी) : गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्येही (मेकॅनिक स्कॅनर लावतो त्यात) कॅनच असतो असं ऐकलं. मग बॅटरीची केबल तिथेच जोडली तर एकाच स्कॅनरवर सगळं दिसेल का?

उत्तर : नाही, आणि जोडू नका. ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर कॅन असतो हे खरं, तारा आणि व्होल्टेजही सारखेच, पण तो गाडीचा बस आहे, त्यावर इंजिन आणि ब्रेकचे निरोप जातात. त्याचे दोन टर्मिनेटर त्याला आधीच आहेत, तुमचे दोन वाढले की ६० चं ३० होईल. वेग वेगळा असला, एक २५० किलोबिटवर आणि दुसरा ५०० वर, तर दोन्हीकडचं बोलणं बंद पडतं, आणि चालत्या गाडीत एबीएसचा दिवा लागलेला तुम्हाला नको आहे. बॅटरीचं एकाच जागी बघायचं असेल तर बीएमएसला ब्लूटूथ आहे का बघा, बऱ्याच बॅटऱ्यांत असतो, नसेल तर इन्व्हर्टरचाच दुसरा डिस्प्ले लांब केबलवर पुढे डॅशबोर्डपाशी आणून लावता येतो. ती केबल टाकताना इन्व्हर्टरच्या जाड केबलींपासून वीतभर लांबून न्या, आणि ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा.